कबरेकडे की कबरेत?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात एक पळापळ आहे. आठवड्याचा पहिला दिवस, अजून अंधार. मग्दालीया मरीया कबरेपाशी येते, तोंडावरची धोंड काढलेली बघते आणि पळत जाऊन पेत्राला आणि आणखी एका शिष्याला सांगते. दोघेही धावत सुटतात. दुसरा शिष्य पायाने चपळ, तो आधी पोचतो. ओणवून पाहतो तर आत तागाची वस्त्रं पडलेली. पण तो आत जात नाही, हे योहान मुद्दाम सांगतो. मागून पेत्र येतो आणि थेट आत शिरतो.

हा प्रसंग मूळ ग्रीकमध्ये वाचायला घेतला की नवशिक्याची पहिली ठेच इथेच लागते. तिसऱ्या वचनात दोघे ‘एइस तो म्नेमेइओन’ निघाले. चौथ्यात दुसरा शिष्य ‘एइस तो म्नेमेइओन’ पहिला आला. सहाव्यात पेत्र ‘एइस तो म्नेमेइओन’ शिरला. तिन्ही ठिकाणी शब्द तेच, विभक्ती तीच, क्रमही तोच. ‘म्नेमेइओन’ म्हणजे कबर आणि ‘तो’ हे त्याचं उपपद. उरलं ‘एइस’. पाठ्यपुस्तकाच्या शब्दयादीत त्याच्यापुढे ‘आत’ असा अर्थ छापलेला असतो. तो धरला तर दुसरा शिष्य चौथ्या वचनात कबरेत आला आणि पाचव्यात मात्र आत गेला नाही, असं विचित्र चित्र उभं राहतं.

खरं काम क्रियापद करतंय. चौथ्या वचनात ‘एल्थेन’ आहे, म्हणजे नुसतं ‘आला’. सहाव्यात ‘एइसेल्थेन’ आहे, म्हणजे ‘आत आला’. आतपणा क्रियापदाच्या आधी जोडलेल्या ‘एइस’मुळे आला, नामाआधीच्या सुट्या ‘एइस’ने फक्त रोख दाखवला. आठव्या वचनात तर दोन्ही एकाच वाक्यात सापडतात. ‘जो पहिला कबरेकडे आला होता तो दुसरा शिष्यही मग आत गेला.’ यातल्या ‘कबरेकडे’ला ‘एइस’ आहे आणि ‘आत गेला’ला सुटं ‘एइस’ लागलेलंच नाही. अकराव्या वचनात मरीया कबरेबाहेर रडत उभी आहे आणि ‘एइस तो म्नेमेइओन’ डोकावते. इथे मात्र ‘कबरेत’ म्हणावंच लागतं, कारण डोकावणं आतच असतं. एका पानात तेच तीन शब्द मराठीत ‘कबरेकडे’, ‘कबरेपाशी’ आणि ‘कबरेत’ अशी तीन रूपं घेतात आणि तिन्ही बरोबर असतात.

नव्या करारात ‘एइस’ सुमारे 1,770 वेळा येतं. अशा शब्दयोगी अव्ययांत त्याच्यापुढे फक्त ‘एन’ आहे, सुमारे 2,750 वेळा. ही दोघं मुळात एकाच घरातली. फार जुन्या ग्रीकमध्ये ‘एन’ हे एकच अव्यय ‘आत असणं’ आणि ‘आत जाणं’ दोन्ही सांगायचं, लॅटिनमध्ये ‘इन’ जसं शेवटपर्यंत सांगत राहिलं तसं. पुढे काही बोलींत गती दाखवण्यासाठी ‘एन’ला ‘स’ जोडला गेला, ‘एन्स’ झालं, मधला न गळाला आणि ‘एइस’ उरलं. मग वाटणी झाली. स्थिर असण्याला ‘एन’ आणि चतुर्थी, जाण्याला ‘एइस’ आणि द्वितीया. अथेन्सच्या अभिजात गद्यात ही वाटणी बरीच काटेकोर आहे.

ग्रीक व्याकरणाच्या बहुतेक प्राथमिक पुस्तकांत एक आकृती असते. मधे वर्तुळ, वर्तुळात ठिपका म्हणजे ‘एन’, आत शिरणारा बाण म्हणजे ‘एइस’, बाहेर पडणारा बाण ‘एक’, कडेपासून निघणारा ‘आपो’, कडेशी येऊन थांबणारा ‘प्रोस’. पहिल्या पंधरवड्यात पाठांतराला ही आकृती फार उपयोगी. मात्र ती डोक्यातून काढायची वेळ कधी येते, हे कुणी सांगत नाही. माणूस ती घेऊन थेट पौलाच्या रोमकरांस पत्रात शिरतो आणि प्रत्येक ‘एइस’ला आत जाणारा बाण लावत सुटतो.

नव्या कराराच्या काळापर्यंत ती जुनी वाटणी ढिली झाली होती. मार्क याचा सर्वांत चांगला साक्षीदार, कारण तो बोलल्यासारखं लिहितो. तेराव्या अध्यायात येशू जैतुनाच्या डोंगरावर बसलेला आहे. बसण्यात गती कसली, तरी मार्क ‘एइस’ वापरतो. त्याच अध्यायाच्या सोळाव्या वचनात ‘जो शेतात असेल त्याने वस्त्र घ्यायला मागे फिरू नये’ असं आहे, तिथेही ‘एइस’. हेच वाक्य मत्तयाने चोविसाव्या अध्यायात घेतलं तेव्हा ‘एन’ केलं. लूकनेही सतराव्यात ‘एन’ केलं. दोघांच्याही कानाला मार्कचं ग्रीक खटकलं असावं. पण तोच लूक इतरत्र सैल होतो. मध्यरात्री भाकरी मागायला आलेल्या मित्राला घरधनी आतून सांगतो, मुलं माझ्याजवळ ‘एइस’ अंथरूण आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प ‘एइस’ अजोत, म्हणजे अजोत नावाच्या गावी, सापडला.

इंग्रजी किंवा जर्मन वाचकाला हे सगळं नियमभंगासारखं वाटतं आणि त्यांची व्याकरणं त्यावर पानंच्या पानं खर्च करतात. मराठी माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. तो पुण्याला गेला. तो पुण्याला असतो. मुलगी शाळेत गेली. मुलगी शाळेत आहे. ‘ला’ आणि ‘त’ दोन्ही प्रत्यय जाण्यालाही चालतात आणि असण्यालाही, आणि आपण कधी अडखळत नाही, कारण ‘गेला’ आणि ‘असतो’ यांनीच काय ते सांगून टाकलेलं असतं. फिलिप्प ‘एइस अजोतोन’ सापडला म्हणजे तो अजोतला सापडला. मूळ वाक्य जसं आहे तसं मराठीत बसतं, डागडुजी करावी लागत नाही. ग्रीक शिकवणारी आपल्याकडची बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून येतात, त्यामुळे हा फायदा मराठी विद्यार्थ्याच्या हाताशी असूनही तो आधी इंग्रजीची अडचण शिकतो आणि मग तिच्यावरचा उपाय.

पुढे ग्रीकमध्ये काय झालं तेही बघण्यासारखं आहे. चतुर्थी विभक्ती हळूहळू बोलण्यातून गेली, तिच्याबरोबर ‘एन’ही गेलं, आणि दोन्ही कामं ‘एइस’च्या गळ्यात पडली. आजच्या ग्रीकमध्ये त्याचं ‘से’ झालं आहे आणि ते ‘ला’, ‘त’, ‘कडे’, ‘वर’ असं सगळं एकटं ओढतं. ‘एन’ काही ठरीव शब्दांत थिजून राहिलंय. ‘ठीक आहे’ या अर्थी ग्रीक माणूस दिवसभर ‘एन्दाक्सी’ म्हणतो, त्यातला ‘एन’ तोच. इस्तंबूल हे नाव ‘एइस तेन पोलिन’, म्हणजे ‘शहराला, शहरात’, या बोलीतल्या उच्चारातून आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात.

नव्या कराराचं ग्रीक ही काही खास पवित्र भाषा नव्हती, त्या काळच्या बाजारातली, पत्रांतली, पावत्यांतली भाषा होती, हे ठसठशीतपणे पुढे आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, इजिप्तच्या वाळूतून पपायरसचे कागद निघू लागल्यावर. जर्मनीत आडोल्फ डाइसमान आणि इंग्लंडमध्ये जेम्स होप मोल्टन यांनी ते कागद नव्या कराराशेजारी ठेवून वाचले. मोल्टनचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. झरतुष्ट्री धर्माचाही तो गाढा अभ्यासक होता. 1915 मध्ये तो हिंदुस्थानात आला, पारशी समाजात त्याने व्याख्यानं दिली, आणि एप्रिल 1917 मध्ये परत जाताना भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजावर पाणतीर सुटला. जीवरक्षक होडीत उघड्यावर काढलेल्या दिवसांत तो गेला. त्याचं व्याकरण अर्धवट राहिलं, ते पुढे इतरांनी पुरं केलं.

पपायरसमुळे ‘एइस’चा जो एक प्रयोग लख्ख झाला तो ‘एइस तो ओनोमा’, म्हणजे अक्षरशः ‘नावाकडे’. हिशेबाच्या कागदांत तो नेहमीचा आहे. अमुक धान्य, अमुक रक्कम, अमुकच्या ‘एइस तो ओनोमा’ जमा केली. मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात बाप्तिस्मा देण्याची आज्ञा आहे ती याच शब्दांत. मराठीत आपण ‘नावाने’ म्हणतो. ‘नावाने’ ऐकलं की अधिकार डोळ्यांपुढे येतो, कुणाच्या तरी वतीने केलेलं काम. पण ग्रीक कागदांतला अर्थ ‘नावावर’ला जवळचा आहे, सातबारा नावावर होतो ना, तसा. त्या पाण्यातून बाहेर आलेला माणूस आता कुणाचा, हे त्यात सांगितलंय. पौल करिंथकरांना वैतागून विचारतो, पौलाच्या ‘एइस तो ओनोमा’ तुमचा बाप्तिस्मा झाला होता काय? तिथे भांडण कोण कुणाच्या गटातला हेच होतं. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. ‘नावावर’ हा अर्थ त्या प्रश्नाला चपखल बसतो.

यावर दुसरं मतही आहे आणि ते सोडून देण्यासारखं नाही. हिब्रूत ‘लेशेम’ असा प्रयोग आहे, त्यातही ‘नाव’ आहे आणि अर्थ होतो ‘च्या हेतूने, च्यासाठी, च्या संदर्भात’. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात यज्ञपशू सहा गोष्टींच्या ‘लेशेम’ मारला जातो असं कलम आहे, तिथे खात्यावर जमा करण्याचा काही संबंध नाही. पहिले शिष्य अरामी बोलणारे यहुदी होते, तेव्हा ‘एइस तो ओनोमा’ हे ‘लेशेम’चं शब्दशः ग्रीक असणं सहज शक्य आहे. शिवाय लूक हाच बाप्तिस्मा कधी ‘एपी’ नावाने, कधी ‘एन’ नावाने, कधी ‘एइस’ नावाने लिहितो, सगळं प्रेषितांच्या कृत्यांतच. त्याच्या मनात तीन वेगळे विधी नक्कीच नव्हते. मला पौलाच्या बाबतीत जमाखर्चाचा अर्थ पटतो, मत्तयाच्या बाबतीत ‘लेशेम’ अधिक पटतो, आणि लूकच्या बाबतीत फरक करू नये हे बरं.

बाप्तिस्म्याचाच विषय निघालाय तर पाण्याचंही बोलू. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशूचा बाप्तिस्मा ‘एइस’ यार्देन (नदी) होतो. पूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा द्यावा असं मानणाऱ्यांनी या ‘एइस’वर बरीच भिस्त ठेवली आहे: पाण्याच्या आत, म्हणजे बुडवूनच. पण त्याच अध्यायात चार वचनं आधी लोकांचा बाप्तिस्मा ‘एन’ यार्देन होतो, आणि मार्क या दोघांत फरक करत नाही हे आपण पाहिलंच. दुसरा नेहमीचा पुरावा फिलिप्प आणि हबशी षंढाचा. दोघे ‘एइस तो हुदोर’ उतरले, म्हणजे पाण्यात. लूक तिथे ‘दोघे’ लिहून थांबत नाही, ‘फिलिप्प आणि षंढ’ अशी नावं घेऊन सांगतो. ‘एइस’ म्हणजे बुडणं असेल तर बाप्तिस्मा देणाराही बुडाला म्हणायचं! बुडवण्याची बाजू मांडायची तर ‘बाप्तिझो’ या क्रियापदाचा ‘बुडवणं’ हा मूळ अर्थ आहे, रोमकरांस पत्रातली पुरलं जाण्याची प्रतिमा आहे. त्यांचं वजन खरोखर आहे. ‘एइस’वर ते टाकू नये.

एक अडचण डोळ्यांची आहे, अर्थाची नाही. जुनी हस्तलिखितं सगळी मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेली, स्वरचिन्हं बहुधा नाहीत. ग्रीकमध्ये ‘एक’ या संख्येचा पुल्लिंगी शब्द ‘हेइस’ आणि नपुंसकलिंगी ‘हेन’. सुरुवातीचा ह दाखवायला वेगळं अक्षर नसून वर एक बारीक खूण असते. ती खूण नसली की ‘हेइस’ आणि ‘एइस’ एकसारखे दिसतात, ‘हेन’ आणि ‘एन’ही. आता मार्कच्या चौथ्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला घ्या. चांगल्या जमिनीत पडलेलं बी तीसपट, साठपट, शंभरपट पीक देतं. प्रत्येक आकड्यापुढे हस्तलिखितांत हे दोनअक्षरी किंवा तीनअक्षरी कोडं आहे. कुठे तिन्ही ठिकाणी ‘एइस’, कुठे तिन्ही ‘एन’, कुठे एक हे आणि दोन ते. ते अव्यय वाचायचं की ‘एक’ हा आकडा? अरामीत पट सांगताना ‘एक’ हा शब्द वापरतात, म्हणून ‘हेन’ वाचावं असं पुष्कळ संपादकांचं मत पडलं. छापील आवृत्तीत ती बारीक खूण दिसते तेव्हा ती संपादकाने घातलेली असते, हे विसरता कामा नये.

योहानाकडे परत यायला हवं, कारण ‘एइस’वर सर्वांत जास्त भक्तिभावाने लिहिलं गेलंय ते त्याच्यामुळे. ‘विश्वास’ हे नाम योहानाच्या शुभवर्तमानात एकदाही येत नाही. क्रियापद मात्र सतत येतं, आणि त्यातलं 36 वेळा ‘एइस’ घेऊन: येशू-‘एइस’ विश्वास ठेवणं. साध्या ग्रीकमध्ये विश्वास चतुर्थीने ठेवतात. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही ‘एइस’ जवळजवळ नाहीच. तेव्हा ही रचना ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात रुळलेली, त्यांचीच म्हणावी अशी आहे. इथवर सगळं खरं. पुढची पायरी मात्र घसरडी आहे: चतुर्थी म्हणजे नुसतं खरं मानणं, ‘एइस’ म्हणजे स्वतःला झोकून देणं. हा नियम प्रवचनांतून इतका फिरलाय की तो व्याकरणाचाच भाग वाटावा.

योहान स्वतःच तो मोडतो. दुसऱ्या अध्यायात पुष्कळांनी त्याच्या नावा-‘एइस’ विश्वास ठेवला, आणि लगेच पुढच्या वचनात येशूचा मात्र त्यांच्यावर भरवसा नव्हता. बाराव्या अध्यायात कित्येक अधिकारी ‘एइस’ने विश्वास ठेवतात पण सभास्थानातून काढतील म्हणून तोंडातून शब्द काढत नाहीत. यात झोकून देणं कुठे आलं? उलट सहाव्या अध्यायात येशू ‘एइस’ वापरून विश्वास ठेवायला सांगतो आणि लोक पुढच्याच वचनात चतुर्थी वापरून तीच गोष्ट विचारतात. विश्वास खोल की उथळ हे योहान प्रसंगातून दाखवतो. ती मोजायला त्याने अव्यय नेमलेलं नाही. मराठी भाषांतरांत ‘त्याच्यावर विश्वास ठेवतो’ असं येतं, कारण मराठीत विश्वास कुणावर तरीच ठेवला जातो. त्यात काही गळलं अशी खंत करायची गरज नाही.

शांतीची गोष्ट याहून मजेची आहे. रक्तस्रावाने पिडलेल्या बाईला येशू म्हणतो, ‘एइस’ शांती जा. लूकच्या सातव्या अध्यायातल्या पापी बाईलाही तेच. मराठीत ‘शांतीने जा’. ग्रीक माणूस असा निरोप देत नसे. हा हिब्रू ‘लेख लेशालोम’ आहे, त्यातल्या ‘ले’साठी ‘एइस’ आलं. ‘ले’ म्हणजे ‘कडे’, ‘बे’ म्हणजे ‘मध्ये’. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात, बेराखोत या भागाच्या अगदी शेवटी यावर एक टिपण आहे: मित्राचा निरोप घेताना ‘लेशालोम’ म्हणावं, ‘बेशालोम’ म्हणू नये. सासरा इथ्रो याने मोशेला ‘लेशालोम’ म्हटलं, तो वाढत गेला. दावीदाने आपल्या मुलाला, अबशालोमाला, ‘बेशालोम’ म्हटलं, तो झाडाला लटकून मेला. मेलेल्याचा निरोप घेताना मात्र ‘बेशालोम’ म्हणावं. आता याकोबाचं पत्र उघडा. दुसऱ्या अध्यायात उघड्यानागड्या, उपाशी भावाला कुणीतरी काहीही न देता वाटेला लावतो: ‘एन’ शांती जा, ऊब घ्या, पोटभर खा! तिथे ‘एन’ आहे. येशूच्या तोंडी जिवंतांचा निरोप आणि या कोरड्या माणसाच्या तोंडी मेलेल्यांचा, अशी जुळणी करण्याचा मोह कुणालाही होईल. तो आवरावा. तालमूद याकोबाच्या पत्रानंतर कितीतरी उशिरा संकलित झाला, आणि प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी पौलाला अगदी सद्भावनेने ‘एन शांती’ जा म्हणतो. तरीही ‘ले’ आणि ‘बे’ यांतला फरक कुणाच्या तरी कानाला इतका बोचत होता, एवढं यातून कळतं.

अशा ठिकाणी काम करायची एक पद्धत हळूहळू अंगवळणी पडते. आधी क्रियापद बघायचं, ते जाण्याचं आहे की असण्याचं, त्याच्या पुढे ‘एइस’ आधीच जोडलेलं आहे का. मग ‘एइस’नंतरचं नाम: जागा असेल तर रोख किंवा ठिकाण, माणूस असेल तर संबंध, भाववाचक नाम असेल तर बहुधा हेतू किंवा परिणाम. मग तो लेखक. मार्कमध्ये ‘एइस’ आणि ‘एन’ यांच्या फरकावर काही बांधू नये, मत्तय आणि पौल यांच्याबाबतीत थोडं बांधता येतं. मग हाच शब्दगट दुसरीकडे कुठे आलाय ते शोधायचं. मागे हिब्रू असण्याची शक्यता असेल तर तिथेही डोकवायचं, पण सावधपणे. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, हे पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात ‘एइस’ने लिहितो. हे ‘एइस’ जुन्या करारातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरातून आलंय, आणि ज्या हिब्रू वाक्याचं ते भाषांतर त्यात तिथे ‘ले’ नाहीच, नुसतं नाम आहे. भाषांतरकाराने ‘म्हणून’ची पोकळी आपल्या सवयीने भरली. त्या ‘एइस’मधून नीतिमत्त्वाच्या दिशेने प्रवास वगैरे काढणाऱ्यांनी मूळ हिब्रू पाहिलेलं नसतं.

कधी सगळं करूनही दोन अर्थ उरतात. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या विसाव्या वचनात सृष्टीवरून देवाचं सामर्थ्य दिसतं असं आहे, आणि पुढे ‘एइस’सह क्रियार्थक रूप: त्यांना सबब नसावी म्हणून, की परिणामी त्यांना सबब उरली नाही? व्याकरण दोन्हीला वाव देतं. पौलाची सवय हेतूकडे झुकते. निवड करणारा देवाविषयी काय मानतो, ते निवडीत उतरतं.

अशाच एका जागी ‘एइस’वरचा सर्वांत मोठा वाद झाला. प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय, अडतिसावं वचन. पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, पेत्र म्हणतो, पश्चात्ताप करा आणि तुमच्यातल्या प्रत्येकाने येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्यावा, ‘एइस’ पापांची क्षमा. बाप्तिस्म्यामुळे क्षमा मिळते, की मिळालेल्या क्षमेची ती खूण? तारण बाप्तिस्म्याने नव्हे, विश्वासाने मिळतं असं मानणाऱ्या अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट अभ्यासकांना दुसरं हवं होतं. ए. टी. रॉबर्टसन या नामांकित व्याकरणकाराने ‘च्या आधारावर’ असा अर्थ सुचवला. त्याच्यानंतर ज्युलियस मँटी याने 1951 मध्ये ‘जर्नल ऑफ बिब्लिकल लिटरेचर’मध्ये लेख लिहिला: ‘एइस’ कारणदर्शकही असतं. त्याचं हुकमी उदाहरण मत्तयाच्या बाराव्या अध्यायातलं, निनवेच्या लोकांनी योनाच्या घोषणे-‘एइस’ पश्चात्ताप केला. घोषणेसाठी नव्हे, घोषणेमुळे. त्याच वर्षी राल्फ मार्कस याने उत्तर दिलं. प्राचीन यहुद्यांच्या ग्रीक वाङ्मयाचा हा जाणकार, यहुदी इतिहासकार जोसेफसच्या ग्रंथांचा संपादक, आणि बाप्तिस्म्याच्या या भांडणात त्याला कुठलीच बाजू राखायची नव्हती. मँटीने पुन्हा लिहिलं, मार्कसने 1952 मध्ये पुन्हा उत्तर दिलं. नव्या कराराबाहेरच्या ग्रीकमधून आणलेल्या उदाहरणांपैकी एकही कारणाचा अर्थ सक्तीने घ्यायला लावत नाही, हे त्याने एकेक करून दाखवलं. मँटीचा निष्कर्ष बरोबर असला तर तो भाषेखेरीज अन्य कारणांनी बरोबर असेल, असा त्याचा एकूण निकाल होता. व्याकरणापुरता हा सामना मार्कसने जिंकला असंच आज बहुतेकजण मानतात.

निनवेचं काय मग? पुन्हा ‘ला’कडे बघा. तो हाकेला धावून आला. ती कामाला कंटाळली. दोन्हींत ‘मुळे’ची छटा आहे, पण ती ‘धावणं’ आणि ‘कंटाळणं’ यांनी आणलेली. तेवढ्यावरून ‘ला’ हा कारणाचा प्रत्यय ठरवून तो ‘परीक्षेला बसला’मध्ये घुसवता येत नाही. निनवेकर घोषणेला जागले, बस.

प्रचलित मराठी भाषांतरात पेत्राचं वाक्य ‘तुमच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून’ असं येतं. यात ‘म्हणून’ जरा बारकाईने पाहावा. मराठी ‘म्हणून’ हेतू आणि कारण दोन्ही सांगतो. ‘क्षमा व्हावी म्हणून’ म्हटलं की पेत्र आणि मार्कस एका बाजूला, ‘क्षमा झाली म्हणून’ म्हटलं की मँटी. वाद ‘व्हावी’ आणि ‘झाली’ या दोन क्रियारूपांत उघड होतो. ग्रीकमध्ये ‘आफेसिस’ (क्षमा) हे नाम आहे, नामाला काळ नसतो, म्हणून सगळा भार बिचाऱ्या अव्ययावर आला. आणि तरीही निवड अवघड नाही. हाच शब्दगट, ‘एइस आफेसिन’, मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या वेळी येतो: पुष्कळांसाठी ओतलं जाणारं रक्त, पापांच्या क्षमे-‘एइस’. तिथे ‘क्षमा झाली म्हणून रक्त ओतलं’ असं वाचायची हिंमत मँटीच्या बाजूचाही कुणी करत नाही.

बॅप्टिस्टांचा मूळ प्रश्न यामुळे मिटत नाही, आणि तो रास्त आहे. कृत्यांच्याच दहाव्या अध्यायात कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा आधी येतो, पाणी नंतर. अडतिसाव्या वचनातही ‘पश्चात्ताप करा’ अनेकवचनी, ‘तुमच्या’ अनेकवचनी, आणि मधला ‘प्रत्येकाने बाप्तिस्मा घ्यावा’ एकवचनी तृतीयपुरुषी. म्हणून काहीजण क्षमेचा सांधा पश्चात्तापाशी जोडतात. तो मार्ग व्याकरणाच्या जवळचा आहे, जरी वाक्य ऐकताना ती फोड कुणाच्या कानाला जाणवली असेल असं मला वाटत नाही. शिवाय काही हस्तलिखितांत ‘तुमच्या’ हा शब्दच नाही, आणि तो गेला की त्या फोडीचा एक पाय निखळतो.

1970 मध्ये अनेक ख्रिस्ती पंथ एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा तिच्यात अँग्लिकन आले, बॅप्टिस्ट आले, आणि हेच अडतिसावं वचन ज्यांच्या शिकवणुकीच्या मधोमध आहे ते डिसायपल्स ऑफ ख्राइस्टही आले. एकीच्या मसुद्यात तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयात कबुलीनंतरचा बाप्तिस्मा दोन्ही ग्राह्य धरले. ‘एइस’चा अर्थ कलमात लिहून त्यावर सह्या घ्यायच्या असत्या, तर ते एकत्र बसले असते असं वाटत नाही.